घाट उतरणाऱ्या गाडीची वीज

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे गाव अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन मंदिरामुळे आणि आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम तेथे पडत असल्यामुळे महाराष्ट्राला परिचित असले, तरी रेल्वेचा रूळ या गावापर्यंत आलेला नाही. वेळापूरकरांना मुंबईची गाडी धरायची तर पंढरपूर किंवा कुर्डुवाडी गाठावे लागते. ही गाडी पुणे आणि लोणावळा मागे टाकून बोरघाट उतरू लागते तेव्हा तिला आवरून धरण्याचे काम ज्या नियमाच्या आधारे केले जाते, तो नियम मात्र गावात वीज आल्यापासून घराघरांतल्या भिंतीवर राबत होता. विजेचा जुना, चकतीचा मीटर हे विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर चालणाऱ्या ब्रेकचे सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित उदाहरण होय.

या मीटरच्या काचेमागे ॲल्युमिनियमची एक पातळ चकती आडवी फिरताना दिसे, तिच्या कडेवरची खूण समोरून गेली की एक फेरा पुरा झाला असे धरले जाई आणि एका युनिटला किती फेरे होतात हे मीटरच्या पाटीवरच छापलेले असे. चकतीला फिरवण्यासाठी तिच्या वर-खाली दोन कुंडले बसवलेली असत, त्यांपैकी एक घरात येणाऱ्या विजेच्या दाबाशी आणि दुसरे घरात वाहणाऱ्या धारेशी जोडलेले असे. या दोहोंच्या एकत्रित परिणामाने चकतीवर जो जोर येई तो घरातल्या वीजवापराच्या प्रमाणात असे. परंतु नुसता जोरच असता तर एक दिवा लावला तरी चकती वेग घेत घेत गरगरत सुटली असती आणि फेऱ्यांच्या मोजणीला काही अर्थ उरला नसता. म्हणून चकतीच्या कडेला, तिला स्पर्श न करता, नालेच्या आकाराचा एक कायम चुंबक बसवलेला असे, ज्याच्या दोन ध्रुवांमधील फटीतून चकतीची कड सतत सरकत राही. चकती जितकी वेगाने फिरेल तितका हा चुंबक तिला अधिक विरोध करी, आणि जोर व विरोध जेथे समसमान होतील त्या वेगावर चकती स्थिरावत असल्यामुळे तिचा वेग घरातील वीजवापराचे खरे माप ठरे. घरातले सारे दिवे बंद केले की चकती लागलीच थबके, यामागेही हाच चुंबक होता. आता इलेक्ट्रॉनिक मीटर आल्यामुळे ही चकती दिसेनाशी झाली आहे, आणि पदार्थविज्ञानाचा एक उत्तम प्रयोग घराघरांतून नाहीसा झाला याची कोणी फारशी खंत केलेली नाही.

चुंबकाने हात न लावता चकतीला कसे आवरावे, आणि तेही चुंबक ज्याला ओढत नाही अशा ॲल्युमिनियमच्या चकतीला, याचे उत्तर मायकेल फॅरडे याने 1831 साली लावलेल्या शोधात आहे. वाहकातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले, किंवा वाहकच त्या क्षेत्रातून सरकू लागला, तर वाहकात विद्युतदाब निर्माण होतो, यालाच विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात. आणि वाहकात धारेला वाहण्यासाठी बंद मार्ग असेल तर त्या दाबामुळे धारा वाहू लागते. चकतीसारख्या सलग पत्र्यात या धारेला तारेसारखा नेमका मार्ग नसल्याने ती पत्र्यातच वर्तुळे घेत फिरते, म्हणून तिला आवर्त धारा असे नाव आहे. 1834 साली हाइनरिख लेंझ या शास्त्रज्ञाने या धारेची दिशा सांगणारा नियम मांडला, तो असा की प्रवर्तनाने उत्पन्न झालेली धारा तिला उत्पन्न करणाऱ्या बदलालाच विरोध करते. गतीमुळे धारा जन्मली असेल तर ती गतीच्या आड येणार, हे ब्रेकच्या दृष्टीने फार सोयीचे आहे. हा नियम वस्तुतः ऊर्जेच्या अक्षय्यतेचाच एक आविष्कार आहे, कारण धारा गतीला विरोध न करता साहाय्य करू लागली असती तर फुकटची ऊर्जा अखंड मिळत राहिली असती. 1855 साली लेओं फूको याने चुंबकाच्या ध्रुवांमधून तांब्याची चकती जबरदस्तीने फिरवून दाखवले की ती फिरवायला अधिक जोर लागतो आणि ती तापते. गती गेली ती उष्णतेच्या रूपाने चकतीत उतरली.

रेल्वेच्या ब्रेकसंबंधी पुढे जे काही सांगावयाचे ते या दोन गोष्टींतून निघते. एक तर प्रवर्तनाने मिळणारा विरोध गतीवर अवलंबून असतो, आणि दुसरे असे की गाडीकडून काढून घेतलेली ऊर्जा कोठेतरी ठेवावीच लागते. गाडी थांबवणे हा प्रश्न प्रथमदर्शनी जोराचा वाटतो, परंतु घाटात तो मुख्यतः या ऊर्जेच्या ठिकाणाचा प्रश्न आहे.

बोरघाटाचे आकडेच ही गोष्ट उघड करतात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने 1863 साली वाहतुकीस खुला केलेला हा मार्ग सुमारे 25 किलोमीटरांत 1,831 फूट, म्हणजे सुमारे 558 मीटर चढतो आणि त्याचा सर्वांत तीव्र चढ 37 मीटरला 1 मीटर असा आहे. एक हजार टन वजनाची गाडी या उंचीवरून खाली आली की तिची जी ऊर्जा मोकळी होते ती सुमारे 1,500 युनिट विजेइतकी भरते. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराला ही वीज सव्वा वर्ष पुरेल. तीव्र उतारावर अशा गाडीला पुढे खेचणारा जोर तिच्या वजनाच्या सदतिसाव्या भागाइतका, म्हणजे 27 टन वजनाच्या भाराइतका असतो, आणि चाकांचा, हवेचा व वळणांचा नैसर्गिक विरोध त्यातला थोडाच वाटा उचलतो. उरलेला भार उतार संपेपर्यंत, एक क्षणही न सोडता, कोणीतरी पेलून धरावा लागतो.

वाफेच्या इंजिनांच्या काळात हे काम चाकांवर दाबल्या जाणाऱ्या ब्रेकच्या ठोकळ्यांकडे होते. ठोकळा आणि चाक यांच्या घर्षणात सारी ऊर्जा उष्णता होऊन जाई; ठोकळे झिजत, चाके तापत, आणि फार तापलेल्या ठोकळ्याची पकड नेमकी गरजेच्या वेळी कमी होते हा या पद्धतीचा मोठा दोष होता. हाताचे ब्रेक जाऊन निर्वात ब्रेक आले, त्यांच्या जागी हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक आले, परंतु ऊर्जेचे शेवटचे ठिकाण बदलले नाही. ते ठोकळा आणि चाक यांच्यामधली काही इंच जागा हेच राहिले.

ते ठिकाण बदलले विजेच्या इंजिनाने, कारण विजेची मोटर आणि विजेचे जनित्र ही मुळात एकच यंत्रे आहेत. मोटरला वीज दिली की तिचा आस फिरतो, पण आस फिरू लागताच त्यावरील कुंडले चुंबकीय क्षेत्रातून सरकत असल्याने प्रवर्तनाने त्यांत एक विरोधी विद्युतदाबही उत्पन्न होत असतो. मोटर चालत असताना बाहेरून दिलेला दाब या विरोधी दाबापेक्षा जास्त असतो, म्हणून वीज आत शिरते. उतारावर चाकेच मोटरला फिरवू लागली आणि तिचे चुंबकीय क्षेत्र वाढवून हा आतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा वर नेला, की धारेची दिशा उलटते, मोटर जनित्र होते आणि लेंझच्या नियमानुसार चाकांना अडवू लागते. इंजिनाची रचना न बदलता, त्याच मोटरीने, त्याच चाकांवर ब्रेक लागतो. निर्माण झालेली वीज पँटोग्राफमार्गे वरच्या तारेत परत पाठवली तर या पद्धतीला पुनर्जननी किंवा रेल्वेच्या नित्य बोलीत रिजनरेटिव्ह ब्रेक म्हणतात. ती इंजिनावरच्या मोठ्या रोधांमध्ये जाळून टाकली तर रोधी किंवा डायनॅमिक ब्रेक म्हणतात.

हिंदुस्थानातील पहिली विजेची रेल्वे 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर धावली, आणि दशक संपता संपता 1,500 व्होल्टच्या एकदिश विजेची तार बोरघाट व थळघाट ओलांडून पुणे आणि इगतपुरी येथवर गेली. याच सुमारास खंडाळ्याजवळचे ते प्रसिद्ध उलट-स्थानक, जेथे गाडीची दिशा बदलून पुढचा चढ घ्यावा लागे, ते नव्या मार्गामुळे बाद झाले. मालगाड्यांसाठी 1928 पासून स्वित्झर्लंडच्या विंटरथूर येथील कारखान्याची आणि नंतर इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीची एकूण 41 इंजिने आली, जी पुढे डब्ल्यूसीजी-1 या नावाने ओळखली गेली. मधला भाग उंच, दोन्ही बाजूंना लांब नाके आणि चाकांना जोडणारे दांडे हलत असताना होणारी डुलती चाल यांमुळे रेल्वेच्या लोकांनी त्यांना खेकडा हे नाव ठेवले, आणि ते कोणत्याही अधिकृत नावापेक्षा अधिक टिकले. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव दिलेले त्यांतील एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. या खेकड्यांमध्ये पुनर्जननी ब्रेकची सोय होती. घाट उतरणारी गाडी वीज उत्पन्न करून ती तारेला परत देई, ही गोष्ट महाराष्ट्रात सुमारे शतकाइतकी जुनी आहे. आज ही सोय नव्या तंत्रज्ञानाचे नवल म्हणून सांगितली जाते तेव्हा खेकड्याची आठवण ठेवणे न्यायाचे ठरेल.

तथापि एकदिश विजेच्या काळात या सोयीला एक अट होती. तारेत परत आलेली वीज त्याच वेळी वापरणारा कोणीतरी जवळ असला पाहिजे. वर सांगितलेली एक हजार टनांची गाडी ताशी 30 किलोमीटर वेगाने उतरत आहे आणि तिला आवरण्याचे सारे काम मोटरीच करत आहेत असे मानले, तर यंत्रणेतील गळती वजा जाता सुमारे 1,500 किलोवॅट वीज तारेकडे जाईल, म्हणजे 1,500 व्होल्टला एक हजार अँपिअर. त्याच घाटात दुसरी गाडी चढत असेल तर ही वीज तिला कामी येते, आणि उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला जणू वर ओढते. चढणारी गाडी नसेल तर मात्र तारेतील दाब वाढत जातो, आणि तो मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून पुनर्जनन थांबवावे लागते, कारण उपकेंद्रातील सर्वसाधारण एकदिशकारक, ज्यांचे काम प्रत्यावर्ती विजेची एकदिश वीज करण्याचे, ते वीज एकाच दिशेने जाऊ देतात. वीज घेणारा नाही म्हणजे धारा नाही, आणि धारा नाही म्हणजे ब्रेक नाही. ज्या ब्रेकची पकड दुसरी गाडी वेळेवर येण्यावर अवलंबून आहे, त्याच्या भरवशावर घाट उतरता येत नाही, म्हणून हवेचे किंवा निर्वाताचे ब्रेक सदैव तयार ठेवावे लागत.

डायनॅमिक ब्रेकला ही अडचण नाही, कारण तो आपली वीज आपणच जाळतो. इंजिनाच्या माथ्यावर जाळीसारखे रोध बसवलेले असतात, वीज त्यांतून गेली की ते लालभडक होण्याइतके तापू शकतात आणि मोठा पंखा ती उष्णता हवेत सोडून देतो. घाटात इंजिनाजवळ उभ्या असलेल्या माणसाला या पंख्याचा घोंघाट ऐकू येतो. डिझेल इंजिनातही चाके विजेच्या मोटरीच फिरवत असल्याने हा ब्रेक तेथेही बसवता येतो, आणि गोव्यातील कुळे ते कॅसल रॉक या ब्रागांझा घाटात, जेथेही 37 ला 1 असाच उतार आहे, डिझेल इंजिनांनी वर्षानुवर्षे याच्या बळावर खनिजाच्या आणि कोळशाच्या गाड्या हाताळल्या. ऊर्जा वाया गेली तरी ती चाकांऐवजी पंख्याच्या झोतात गेली, ही सुधारणाही लहान नव्हती.

मुंबई परिसरातील आणि दोन्ही घाटांतील 1,500 व्होल्टची व्यवस्था टप्प्याटप्प्याने बदलून 25,000 व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली, आणि एप्रिल 2016 मध्ये हार्बर मार्गावर हे काम पूर्ण होऊन एकदिश विजेचा तो अध्याय मिटला. या बदलाने परतीचा रस्ता मोकळा झाला. तेच 1,500 किलोवॅट आता केवळ 60 अँपिअरच्या धारेने जाऊ शकतात, आणि उपकेंद्रात एकदिशकारकाऐवजी रोहित्र, म्हणजे ट्रान्स्फॉर्मर असल्यामुळे तारेवर दुसरी गाडी नसली तरी वीज राज्याच्या जाळ्यात परत जाऊ शकते. जाळ्यात गेलेल्या विजेला पत्ता नसतो, ती जेथे मागणी असेल तेथे खर्च होते.

याच काळात इंजिनाची मोटरही बदलली. डब्ल्यूएजी-9 आणि डब्ल्यूएपी-7 या वर्गांच्या, चित्तरंजन येथे मोठ्या संख्येने तयार झालेल्या इंजिनांत त्रिकला प्रवर्तन मोटरी असतात, आणि येथे मीटरच्या चकतीची कुळी पुन्हा भेटते. या मोटरीच्या फिरणाऱ्या भागाला बाहेरून वीज दिलेलीच नसते. भोवतालच्या स्थिर कुंडलांमध्ये तीन कलांची वीज खेळवून एक फिरते चुंबकीय क्षेत्र तयार केले जाते, ते मधल्या भागातील धातूच्या दांड्यांवरून सरकते, दांड्यांत प्रवर्तनाने धारा उत्पन्न होतात आणि त्या धारा लेंझच्या नियमाला अनुसरून हे सरकणे कमी करू पाहतात, म्हणजे मधला भाग क्षेत्राच्या मागे धावू लागतो. तो क्षेत्राला पुरता गाठू शकत नाही, कारण गाठले तर सरकणेच उरणार नाही व धारा नाहीशा होतील. आता हे फिरते क्षेत्रच थोडे मंद केले, इतके की मधला भाग त्याच्या पुढे जाईल, तर दांड्यांतील धारा उलटतात, जो जोर पुढे खेचत होता तो मागे ओढू लागतो आणि स्थिर कुंडलांतून वीज बाहेर येऊ लागते. समजा मधला भाग सेकंदाला 40 फेऱ्यांशी जुळेल अशा गतीने फिरत आहे. क्षेत्राला त्याहून किंचित अधिक गती दिली तर इंजिन ओढते, किंचित कमी दिली तर तेच इंजिन रोखते. लोको पायलटने हातातला दांडा ओढण्याच्या बाजूकडून ब्रेकच्या बाजूकडे नेला की पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची यंत्रणा हा सूक्ष्म फरक साधते, आणि परत आलेल्या विजेला 50 हर्ट्झच्या तालात बसवून तारेकडे पाठवते. चुंबकीय क्षेत्र वाढवणे, जोडण्या बदलणे असे जे सायास खेकड्याला करावे लागत, ते येथे उरलेले नाहीत. मुंबईच्या लोकलमध्ये 2007 पासून अशा मोटरींच्या गाड्या येऊ लागल्या आणि वारंवार थांबे असल्यामुळे तेथे विजेची बचत 30 ते 35 टक्क्यांपर्यंत सांगितली जाते.

मीटरमध्ये चुंबक ज्या रीतीने चकतीला अडवतो, अगदी त्याच रीतीने गाडीला अडवण्याचेही प्रयोग झाले आहेत. जपानच्या शिंकान्सेन गाड्यांत 100, 300 आणि 700 या मालिकांमध्ये मोटर नसलेल्या डब्यांच्या आसांवर धातूच्या चकत्या आणि त्यांच्याजवळ विद्युतचुंबक बसवून आवर्त धारांचा ब्रेक लावला जाई. पुढे एन-700 मालिकेत 16 पैकी 14 डब्यांना मोटरी मिळाल्यावर पुनर्जननी ब्रेकच पुरेसा ठरून तो काढून टाकला गेला. जर्मनीच्या आयसीई-3 गाडीत तर चकतीचे काम खुद्द रूळच करतो. गाडीखालचे विद्युतचुंबक रुळापासून काही मिलिमीटरवर आणले जातात आणि धावत्या गाडीखाली रुळाच्या पोलादात आवर्त धारा उठून गाडीला रोखतात. चाक आणि रूळ यांच्या पकडीवर हा ब्रेक अवलंबून नसल्याने पावसात किंवा ओल्या पानांवरही तो सारखाच लागतो, हा त्याचा मोठा गुण.

मग हा गुणी ब्रेक बोरघाटात का नको, याचे उत्तर पुन्हा ऊर्जेच्या ठिकाणातच आहे. येथे उष्णता रुळात जाते. 25 किलोमीटर लांबीचे, मीटरला 60 किलो वजनाचे दोन रूळ धरले तर त्यांत सुमारे 3,000 टन पोलाद होते. वर काढलेली 1,500 युनिट ऊर्जा त्यात सारखी वाटली गेली, तर एक गाडी उतरताच सारा रूळ सुमारे चार अंशांनी तापेल. मे महिन्यात उन्हाने आधीच पोळलेल्या रुळावरून अशा गाड्या पाठोपाठ उतरू लागल्या तर रूळ प्रसरण पावून वाकण्याचे भय निर्माण होईल. जर्मनीतही हा ब्रेक नित्याच्या वापरात मुख्यतः काँक्रीटच्या सलग पायावर बांधलेल्या मार्गांपुरता ठेवला आहे, त्यात 2002 साली सुरू झालेला कोलोन-फ्रँकफर्ट हा मार्ग ठळक आहे, आणि अन्यत्र तो केवळ आणीबाणीपुरता आहे.

इंजिनाच्या पुनर्जननी ब्रेकलाही स्वतःची मर्यादा आहे, ती म्हणजे तो फक्त मोटर असलेल्या चाकांवर लागतो. इंजिन पुढे आणि वीस-बावीस डबे मागे अशा गाडीत इंजिनाने एकट्याने ब्रेक लावला की मागचे सारे डबे त्याच्यावर येऊन रेलतात, आणि इंजिनाची पकड, जी त्याच्या चाकांवरील वजनाने ठरते, तिच्यापलीकडे जोर मागितला तर चाके घसरू लागतात. म्हणून जड गाडीत डब्यांचे वायुब्रेकही सोबतीला लावले जातात. 10 फेब्रुवारी 2023 रोजी सुरू झालेल्या मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडीत, जी कुर्डुवाडीला थांबते आणि वेळापूरच्या प्रवाशालाही उपयोगी पडते, ही अडचण रचनेनेच कमी झाली आहे. तिच्या मूळ 16 डब्यांच्या 64 आसांपैकी निम्म्या आसांना मोटरी आहेत, त्यामुळे चढताना कर्जतला मागून बँकर इंजिने लावावी लागत नाहीत, आणि उतरताना रोखण्याचा भार गाडीच्या लांबीभर वाटला जातो.

तरीही या गाडीला पूर्ण उभी करण्याचे काम प्रवर्तनाकडे सोपवता येत नाही. वेग कमी होत जातो तसतशी ब्रेकमधून मिळणारी वीज आटत जाते, आणि शेवटच्या टप्प्यात हवेच्या दाबाचा ब्रेकच चाकाला जखडतो. उतारावर उभ्या गाडीला धरून ठेवणेही त्याचेच काम. बोरघाटात मंकी हिल, ठाकूरवाडी आणि जांबरुंग या ठिकाणी उतरणाऱ्या गाड्यांना थांबवून ब्रेक हाती आहेत याची खात्री करून घेण्याची पद्धत त्यामुळेच अजून चालू आहे. तेथील सांधा एरवी कॅच सायडिंगकडे, म्हणजे चढावर नेऊन सोडणाऱ्या आंधळ्या मार्गाकडे लावलेला असतो, आणि गाडी खरोखर उभी राहिल्यावरच तो कर्जतच्या बाजूला फिरवला जातो.